ज्योतिषाचा पहिला धडा

ज्योतिष शिकावयाचे तर प्रारंभ कोठून करावा, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वेळा विचारला जातो. विचारणाराच्या हातात बहुधा स्वतःची किंवा मुलामुलीची पत्रिका असते आणि त्याला पहिल्याच दिवशी सातव्या स्थानातला मंगळ समजून घ्यावयाचा असतो. त्याची उत्कंठा स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्रात हे शास्त्र ज्यांनी शिकले आणि शिकविले, त्यांचा इतिहास पाहिला तर मंगळ हा शेवटच्या धड्यांतला विषय ठरतो. पहिला धडा अंगणात होतो. त्याला एक काठी पुरते. त्या पहिल्या धड्याची कथा आज सांगावयाची आहे. हा धडा कोणाला मिळाला, कोणाला मिळाला नाही, आणि न मिळाल्याची किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न तिच्यात आपोआप येतात.

उदाहरण जवळचेच घेऊ. वसई तालुक्याच्या पूर्व अंगास, विरारच्या पलीकडे, चांदीप नावाचे गाव आहे. आता ते पालघर जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. या गावातल्या एखाद्या जिज्ञासू मुलाने ज्योतिष शिकावयाचे ठरविले, तर जुन्या पद्धतीचा गुरू त्याला काय करावयास सांगेल? तो सांगेल, की बारा अंगुळे लांबीची एक सरळ काठी घे आणि विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास, सपाट जागी ती उभी रोव. मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोज. या काठीला शंकू म्हणतात आणि त्या सावलीला पलभा म्हणतात. चांदीपला ही सावली सुमारे सव्वाचार अंगुळे भरेल. मोजताना एक लक्षात ठेवावे. घड्याळात बारा वाजले म्हणजे येथे मध्यान्ह होते असे नाही. आपले घड्याळ ८२॥ अंश रेखांशावर लावलेले आहे. चांदीप त्याच्या पश्चिमेस साडेनऊ अंशांहून थोडे अधिक आहे. त्यामुळे मार्चच्या त्या दिवशी येथे सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास.

या सव्वाचार अंगुळांत काय आहे? आपले गाव पृथ्वीच्या पाठीवर विषुववृत्तापासून किती उत्तरेस आहे, हे त्यांत आहे. सावली जितकी लांब, तितके गाव उत्तरेस. चांदीपचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश. सव्वाचार अंगुळे ही त्याचीच दुसरी भाषा होय. जुना शिष्य त्रिकोणमिती शिकलेला नसे. तो पलभेला तीन ठिकाणी मांडी, एकीला दहाने गुणी, दुसरीला आठने, तिसरीला दहाने गुणून तिनाने भागी. चांदीपसाठी हे आकडे अदमासे ४२, ३४ आणि १४ येतात. यांना चरखंडे म्हणतात. विषुववृत्तावर पहिल्या तीन राशी उगवण्यास २७८, २९९ आणि ३२३ पळे लागतात, हे त्याला पाठ असे. त्यांतून चरखंडे वजा केली की आपल्या गावी मेष, वृषभ आणि मिथुन किती वेळात उगवतात ते निघते : २३६, २६५ आणि ३०९ पळे. तीच खंडे उलट्या क्रमाने मिळविली की कर्क ३३७, सिंह ३३३ आणि कन्या ३२० पळे. बेरीज करून पाहावी. बरोबर १८०० पळे, म्हणजे तीस घटका, म्हणजे अर्धा दिवस होतो. उरलेल्या सहा राशी याच आकड्यांनी उलट क्रमाने उगवतात. हे मान सायन राशींचे आहे, एवढी खूणगाठ मात्र बांधून ठेवावी.

पळ म्हणजे २४ सेकंद. तेव्हा चांदीपच्या पूर्व क्षितिजावर मेष राशी उगवावयास सुमारे दीड तास लागतो आणि कर्क राशीला सव्वादोन तास. "लग्न दर दोन तासांनी बदलते" असे आपण सहज म्हणतो. ते सरासरीचे बोलणे झाले. जन्माच्या क्षणी पूर्वेस जी राशी उगवत असते तिला लग्न म्हणतात. पत्रिकेच्या वरच्या मधल्या घरात जो अंक लिहिलेला असतो, तो त्या राशीचा अंक. नवशिक्याची पहिली गफलत येथेच होते. त्याला तो अंक घराचा क्रमांक वाटतो. वास्तविक घरांचा क्रम ठरलेला आहे, तो लिहावा लागत नाही. लिहिलेला असतो तो राशीचा अंक. हे एकदा कळले की पत्रिका म्हणजे गूढ यंत्र राहत नाही. विशिष्ट गावी, विशिष्ट क्षणी आकाश कसे होते, त्याचा तो नकाशा आहे.

याच्या जोडीला पाठांतर असे. साठ संवत्सरे, सत्तावीस नक्षत्रे, बारा राशी, नक्षत्रांच्या चरणांची अक्षरे सांगणारे अवकहडा चक्र, हे सारे मुलगा संथा घेऊन म्हणे आणि बोटांच्या पेरांवर मोजी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. वर्तुळाचे सत्तावीस भाग केले की १३ अंश २० कलांचे एक नक्षत्र होते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे म्हणून पंचांग. एवढे समजले म्हणजे प्राथमिक शिक्षण झाले. यांत भविष्याचा शब्दही आलेला नाही, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच.

आपल्या पूर्वजांनी या शास्त्राचे तीन स्कंध मानले. गणित किंवा सिद्धांत हा पहिला, संहिता हा दुसरा आणि होरा हा तिसरा. पत्रिकेवरून माणसाचे भवितव्य सांगणे हे होरास्कंधाचे काम. आता "होरा" हा शब्द कोठला? तो ग्रीक आहे. "केंद्र" हा शब्द ग्रीक आहे. आरोग्य केंद्र आणि मतदान केंद्र म्हणताना आपल्याला त्याची दाद नसते. कलेला "लिप्ता" म्हणतात, राशीच्या तिसऱ्या भागाला "द्रेष्काण" आणि सप्तम स्थानाला "जामित्र", तेही तिकडचेच. वेदांगज्योतिषात सत्तावीस नक्षत्रे आहेत, पण मेष-वृषभादी बारा राशी नाहीत. त्या बाबिलोन आणि ग्रीस या वाटेने, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, पश्चिम हिंदुस्थानात पोचल्या. यवनजातक नावाचा संस्कृत ग्रंथ या देवघेवीची साक्ष आहे.

या देवघेवीच्या काळी चांदीपपासून काही कोसांवरचे सोपारे हे नामांकित बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला, हे वसईकरांना सांगावयास नको. ग्रीक खलाशांच्या पेरिप्लस या प्रवासवर्णनात सोपाऱ्याचे नाव आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. हाच टॉलेमी ग्रीक ज्योतिषाचा थोर आचार्य. त्याने ग्रहगणितावर एक ग्रंथ लिहिला आणि फलावर दुसरा लिहिला. या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभीच त्याने सांगून टाकले आहे, की गणिताइतकी निश्चिती फलाच्या विद्येत नाही. आमच्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातक रचले. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजले आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य होत, असा मोकळ्या मनाचा निर्वाळा त्यानेच दिला आहे. विद्या परक्याकडून घेण्यात त्या काळच्या विद्वानांना कमीपणा वाटत नव्हता.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. जंजिऱ्याच्या मुरुडजवळ समुद्रकाठी नांदगाव नावाचे गाव आहे. तेथील पलभा सुमारे चार अंगुळे. चांदीपपेक्षा पाव अंगुळ कमी. या गावी पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ राहत असत. त्यांनी १४१८ शकाच्या सुमारास ग्रहकौतुक हा ग्रंथ रचला. त्यांचे मोठेपण असे, की ते जुन्या ग्रंथांची पाने उलटून स्वस्थ बसले नाहीत. आकाशातले ग्रह त्यांनी स्वतः पाहिले आणि कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह जुळतो, कोणता चुकतो, हे नोंदून ठेवले. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याने शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० हे आरंभवर्ष धरून ग्रहलाघव हा ग्रंथ लिहिला. पुढची सुमारे चार शतके महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे या एका पुस्तकावर चालली. गुजरात आणि कर्नाटकातही त्याचा प्रसार झाला.

ग्रहलाघवाचे यश कशात होते? ते नवशिक्यासाठी लिहिलेले होते, यात होते. जुन्या रीतीने कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावयाचे म्हटले तर सोळा लाखांहून मोठी संख्या पाटीवर मांडावी लागे. गणेशाने अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. शकातून १४४२ वजा करावे आणि अकराने भागावे. आलेला भागाकार म्हणजे गेलेली चक्रे. शके १९४८ (इ.स. २०२६-२७) घ्या. वजाबाकी ५०६, भागाकार बरोबर ४६, बाकी शून्य. आता चालू चक्रातले दिवस तेवढे मोजावयाचे. ज्या आणि चाप यांची किचकट कोष्टकेही त्याने टाळली आणि साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह आणून दाखविले. खेड्यातल्या जोशाच्या मुलाला पाटी, पेन्सिल आणि पाठांतर एवढ्या भांडवलावर पंचांग करता येऊ लागले. पुढे तिथिचिंतामणी हा कोष्टकांचा ग्रंथ लिहून त्याने तिथी काढणे आणखी सोपे केले.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. गणेशाने आपल्या आधीच्या आचार्यांची परंपरा सांगितली. प्रत्येकाचे गणित काळाने कसे ढिले पडले आणि पुढच्याने वेध घेऊन ते कसे सावरले, हे सांगितले. आणि शेवटी लिहून ठेविले, की माझेही गणित फार काळाने चुकू लागेल. तेव्हा त्या वेळच्या लोकांनी ग्रहणे आणि ग्रहांच्या युती पाहून ते पुन्हा दुरुस्त करावे. आपल्या ग्रंथाला अपुरा म्हणणारा ग्रंथकार विरळा. परंतु शिष्यांनी काय केले? त्यांनी ग्रहलाघव जिभेवर ठेविले आणि त्याची ही आज्ञा विसरली. पोथी राहिली, वेध गेला. सूत्र शिकविले गेले, पण आकाशाकडे पाहावयाचे राहून गेले.

वेध गेला तो केवळ आळसाने गेला असे नव्हे. गावगाड्यात जोशीपण हे वतन झाले होते. गुढीपाडव्याला पंचांग वाचावे, पेरणीचा, लग्नाचा, बारशाचा मुहूर्त सांगावा आणि त्याबद्दल हक्काचे धान्य वा पैसा घ्यावा, अशी ही रीत. वतनाला परीक्षा नसते. मुहूर्त बरोबर निघाला की चूक, हे ताडून पाहण्याची विद्या ज्या कुणब्याला मुहूर्त हवा त्याच्यापाशी नव्हती. त्याला ती कोणी शिकविली नाही. या व्यवहाराचा हिशोब पहिल्यांदा रोखठोक मांडला तो जोतीराव फुले यांनी. १८८३ सालच्या "शेतकऱ्याचा असूड" या पुस्तकाच्या आरंभीच्या भागात, शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मल्यापासून मरणापर्यंत ग्रह, मुहूर्त आणि शांती यांच्या निमित्ताने पैसा कसा बाहेर जातो, याची यादीच त्यांनी दिली आहे. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने जोशाशिवाय लग्ने लावली, त्यावरून गावोगाव तंटे झाले आणि हक्काचे दावे कोर्टात गेले.

फुल्यांची टीका कडवट आहे, असे म्हणणारे होते आणि आहेत. आम्हांला तिचा गाभा शिक्षणाचा वाटतो. ज्याला तिथी मोजता येते, त्याला तिथीची भीती घालता येत नाही. पहिला धडा ठराविक घरांतच कोंडून राहिला. म्हणून शेवटच्या धड्याचे, म्हणजे फलाचे, इतके भय बाहेर पसरले. आणि गंमत पाहा. ज्या शेतकऱ्याला शास्त्र येत नाही असे मानले गेले, तो सूर्यनक्षत्रांवर आपली शेती करीतच होता. सूर्य ७-८ जूनला मृगात शिरतो. नंतर आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची. वसईच्या डोंगरपट्टीतला भात लावणारा माणूस ही मोजणी बापाकडून शिकला. ती पंचांगातलीच आहे. फक्त तिला कोणी विद्या म्हटले नाही.

एकोणिसाव्या शतकात ही कोंडी दोन बाजूंनी फुटू लागली. एक बाजू छापखान्याची. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईस शिळाछापावर पंचांग काढले. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे पंचांग घरोघर गेले. हस्तलिखित पंचांग जोशाच्या दप्तरात असे, छापील पंचांग खुंटीवर लटकू लागले. दुसरी बाजू नव्या गणिताची. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) हे कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले गणिती. ग्रहलाघवाचे ग्रह आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांनी पाहिले. १८६० साली त्यांनी युरोपीय गणिताच्या आधारे "ग्रहसाधनाची कोष्टके" मराठीत प्रसिद्ध केली. त्यांवरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. गणेश दैवज्ञाची आज्ञा तीनशेपंचेचाळीस वर्षांनी पाळली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

पण नवशिक्याचा खरा कैवारी पुढेच भेटतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुडास जन्मले. जंजिऱ्याचे मुरुड निराळे आणि हे निराळे. ते शाळामास्तर होते; ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत गेल्या. वेधशाळा नाही, पैसा नाही, मोठी पदवी नाही. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा प्रचंड ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासह केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. दोन वर्षांनी, १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आतच ते वारले. केशव आणि गणेश यांचे मोठेपण मराठी वाचकाला कळले ते दीक्षितांमुळे.

या महाग्रंथाची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र आज त्यांच्या धाकट्या पुस्तकाची आठवण करून द्यावयाची आहे. त्याचे नाव "ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज". नावातच सारे आले. शास्त्र घ्यावयाचे, पण मौज म्हणून. पाठशाळेत नव्हे, रात्री अंगणात. आणि त्यासाठी वेळ किती, तर दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक. एका शाळामास्तराने पहिला धडा वतनातून सोडवून मराठी वाचणाऱ्या कोणाच्याही हाती दिला, ही त्या पुस्तकाची ऐतिहासिक कामगिरी होय.

धडा खुला झाला तशी भांडणेही खुली झाली. राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता धरावा, यावर पक्ष पडले. एक पक्ष रेवतीच्या ताऱ्यापासून मोजणारा, दुसरा चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. म्हणून एकाची मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, तर दुसऱ्याची १० जानेवारीला. कधी अधिक महिनाही वेगळा पडे आणि एकाच वाड्यात दोन दिवाळ्या होत. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक या वादात रेवतीपक्षाचे; १९२० साली सांगलीस जे ज्योतिषसंमेलन भरले त्यात त्यांनी भाग घेतला, आणि टिळक पंचांग आजही निघते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीपुढे देशातली तीसच्या आसपास निरनिराळी पंचांगे होती. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९, पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. धार्मिक पंचांगासाठी चित्रापक्षाचे मान धरण्यात आले. आज हे अंतर, म्हणजे अयनांश, २४ अंशांच्या वर गेले आहे. म्हणूनच सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि आपण तिळगूळ वाटतो तो तीन आठवड्यांनी. हे अंतर कोठून आले, हे ज्याला सांगता येईल त्याने सायन आणि निरयन हा दुसरा धडा पुरा केला.

या साऱ्याचे सार स्वयंपाकघराच्या भिंतीवर नेले ते जयंतराव साळगावकरांनी. ते स्वतः ज्योतिषी. १९७३ साली त्यांनी "कालनिर्णय" काढले आणि तिथी, नक्षत्र, सण एका पानावर मराठीत आणून ठेविले. चतुर्थीचा चंद्रोदय पाहावयास गृहिणीला कोणाच्या दारी जावे लागेना.

आता नवशिक्याला हमखास ठेच लागते ती घड्याळाची. जुन्या काळी घटिकापात्र पाण्यात सोडीत. तळाला भोक असलेली वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. एक घटका चुकली की लग्न सुमारे सहा अंश सरकते. छापील घड्याळी वेळ आली म्हणून चूक गेली, असे समजू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची वेळ वेगळी चालत असे. ती ३९ मिनिटे मागे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका हा तास न वजा करता मांडली, तर लग्न अर्ध्या राशीने चुकते. चुकलेल्या पत्रिकेवर लोकांनी आयुष्यभर खडे घातले असतील आणि स्थळे नाकारली असतील. नाकारलेल्या मुलीला तो एक तास कोणी परत दिला?

येथे फलाचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. पत्रिकेचे गणित बरोबर केले, तरी तिच्यावरून सांगितलेले फल खरे ठरते काय? याची एक शिस्तशीर चाचणी पुण्यात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ती योजिली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले, प्रत्येकी शंभर, यांचे जन्मतपशील जमवून पत्रिका तयार केल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणत्या मुलाची हे सांगितले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण आले शेकडा ४६. नाणे उडविले असते तर शेकडा ५० च्या आसपास आले असते. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. पण गणेश दैवज्ञाची कसोटी हीच होती : सांगितलेले आणि दिसलेले ताडून पाहा. ग्रहगणित त्या कसोटीला वारंवार उभे राहिले, चुकले, सुधारले आणि आज सेकंदापर्यंत आले. फल त्या कसोटीला उभे केले तेव्हा उतरले नाही. तेव्हा कोणाचे लग्न मोडताना, कोणाची नोकरी किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलताना, या दोन विद्यांतला फरक मनात जागा असावा.

आज स्थिती कशी आहे? पहिला धडा एके काळी पाठांतरात होता, मग पोथीत, मग छापील पानावर. आता तो यंत्रात गेला आहे. खिशातल्या मोबाइलवर जन्मवेळ घातली की पत्रिका निमिषात येते, दशा-महादशांसह. सोय मोठी आहे. पण चांदीपच्या ज्या कुणब्याला जोशाचे दप्तर बंद होते, त्याच्या नातवाला हे यंत्रही तसेच बंद आहे. तो विचारतो, यंत्र सांगते. ताडून पाहण्याचे साधन पूर्वी त्याच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. फरक एवढाच, की पूर्वी ते त्याला देत नसत. आज ते त्याच्या पायाशी पडलेले आहे आणि तो ते उचलीत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी एक साधी विनंती. हे वसंताचे दिवस आहेत. एप्रिलच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीवर जावे. उत्तरेस सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की पूर्वेकडे तांबूस स्वाती लागते, आणि आणखी पुढे, आग्नेयेस, पांढरी चित्रा. डोक्याच्या जवळपास मघा असेल. चैत्री पौर्णिमेचा चंद्र या चित्रेच्या आसपास उगवतो. म्हणून महिन्याचे नाव चैत्र. ते पाठ करावे लागत नाही, दिसते. पुढे मेच्या मध्यानंतर दोन-तीन दिवसांत चांदीपच्या अंगणातली काठी भर मध्यान्ही सावलीच टाकणार नाही, कारण सूर्य बरोबर डोक्यावर येईल. मुलांना ते दाखवावे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हा योग पुन्हा येतो; तेव्हा पावसाने पाहू दिले तर पाहावे.

एवढे ज्याने केले त्याने ज्योतिषाचा पहिला धडा घेतला. पुढे पत्रिका शिकावयाची तर त्याने खुशाल शिकावी. समोर मांडलेल्या आकड्यांपैकी कोणता आकाशातून आला आणि कोणता माणसाच्या समजुतीतून, हे त्याला ओळखता येईल; आणि मग त्याला कोणी भीती घालू लागले, तर तो प्रथम काठी आणि सावली मागेल.